ट्रॅक्टर निवडायला शिकवलंत, तो वाहून न्यायचा कसा तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शेतीच्या पानावर छोट्या ट्रॅक्टरविषयी आलेले लेख मी सगळे वाचले. दोन कापूनही ठेवले आहेत. किती अश्वशक्तीचा घ्यावा, चारही चाकांना ताकद हवी की मागच्या दोन पुरे, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर किती फुटी झेपेल, डिझेल किती लागेल, सगळं नीट आलं आहे. लिहिणाऱ्याला जाण आहे हे कळतं. पण विकत घेतलेला ट्रॅक्टर एका रानातून दुसऱ्या रानात न्यायचा कसा, यावर एक ओळही नाही. मी मनापासून सांगते, रानात ट्रॅक्टर चालवताना मला कधी वाटली नाही एवढी भीती तो ट्रेलरवर बांधून रस्त्याने नेताना वाटली आहे. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, पण कृपा करून कापू नका.

आमची जमीन दोन ठिकाणी आहे, मध्ये 22 किलोमीटरचा रस्ता. शिवाय दुसऱ्यांच्या बागांत आंतरमशागतीला मी भाड्याने जाते. ट्रॅक्टर मी चालवते, पिकअप माझे दीर चालवतात. पाच-सहा किलोमीटर असेल तर मी आजही ट्रॅक्टर चालवतच नेते, तेवढ्यासाठी ट्रेलरचा खटाटोप करत नाही. त्यापुढे मात्र ताशी 20-25 च्या वेगाने मोठ्या रस्त्यावरून जायचं म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या सावधपणावर आपला जीव टांगून ठेवायचा. डांबरावर टायरचे दात झिजतात ते वेगळंच. तेव्हा ट्रेलर घ्यायचं ठरलं, आणि पहिली चूक तिथेच झाली.

ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात वजन लिहिलं होतं 980 किलो. एका ॲक्सलचा, म्हणजे दोनच चाकांचा, एक जुना ट्रेलर पाहण्यात होता. त्याच्या पाटीवर भरल्या ट्रेलरचं कमाल वजन 1,500 किलो आणि रिकाम्याचं 420. अंगणात बसून आम्ही बेरीज केली. 980 आणि 420, झाले 1,400. वर शंभर किलो शिल्लक. दिरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, व्यवहार झाला.

बेरीज बरोबर होती, पण तिच्यात मांडायच्या निम्म्या गोष्टी आम्ही मांडल्याच नव्हत्या. माहितीपत्रकातलं वजन नुसत्या ट्रॅक्टरचं असतं, पुढे-मागे काही न जोडलेल्या. आमच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर होता, बकेट धरून 320 किलोचा. लोडरने माती उचलताना मागची चाकं हलकी पडू नयेत म्हणून मागच्या टायरांत पाणी भरलेलं होतं, एकेकात साधारण 75 लिटर. लिटरला किलो, म्हणजे दोन्ही मिळून दीडशे किलो, आणि हे वजन डोळ्याला दिसतही नाही. (थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, ते मिश्रण पाण्याहूनही जड.) मागे रोटाव्हेटर, 260 किलो. टाकीत 25 लिटर डिझेल. ते पाण्याहून हलकं, तरी 21 किलो झालंच. पुढे कधीतरी हे सगळं धूड वजनकाट्यावर घातलं तेव्हा पावतीवर आकडा आला 1,740. त्यात ट्रेलरचे 420 मिळवा. 1,500 किलोच्या ट्रेलरवर आम्ही 660 किलो जादा घालून सात महिने हिंडत होतो, आणि मनात हिशेब मात्र शंभर किलो शिल्लक असल्याचा.

पण वजनकाट्यावर जायची बुद्धी नंतर झाली. आधी तो उतार आला.

त्या दिवशी रोटाव्हेटर जोडलेला होता. लोडरची बकेट ट्रेलरच्या पुढच्या फाळक्याला घासत होती, म्हणून मी ट्रॅक्टर नेहमीच्या जागेपेक्षा हातभर मागे उभा केला. नुसता हातभर. पट्टे आवळले, निघालो. सपाट रस्त्यावर काहीच जाणवलं नाही. उतार लागला, वेग साठच्या आसपास गेला, आणि पिकअपची मागची बाजू कुणी हळूच डावीकडे ओढावी तशी सरकली. मला वाटलं वारा आहे. मग ती उजवीकडे सरकली. मी डाव्या बाजूला बसले होते. माझ्या आरशात क्षणभर ट्रॅक्टरचं मागचं अख्खं चाक दिसायचं, पुढच्या क्षणी आरसा रिकामा. चाक, रिकामा, चाक, रिकामा. दर वेळी चाक आधीपेक्षा जास्त बाहेर. दिरांनी ब्रेक दाबला आणि हेलकावा एकदम वाढला. "भावजी, पाय काढा!" मी ओरडले. त्यांनी पाय काढला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं आणि गाडी तशीच सोडून दिली. उतार संपून चढ लागला, वेग आपोआप पडला, हेलकावे थांबले. समोरून त्या वेळी कुणी आलं नाही, एवढ्यावर आम्ही वाचलो.

बाजूला थांबून पाहिलं तर एक पट्टा लोखंडाच्या कडेवर घासून निम्मा कापला गेला होता. त्याचे सुटलेले दोरे वाऱ्यावर हलत होते. त्या दोऱ्यांकडे बघत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला किती वेळ बसलो कोण जाणे. "वहिनी, दादाला सांगू नका," भावजी म्हणाले. मी त्याच रात्री सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिघंही वजनकाट्यावर गेलो.

हातभराने एवढं का व्हावं, हे मला एका जुन्या फॅब्रिकेटरने खडूने जमिनीवर काढून दाखवलं. पिकअपच्या मागे जोडायच्या या ट्रेलरचं भरल्यावर जेवढं एकूण वजन, त्याच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे हुकावर सतत दाबत राहिला पाहिजे. तो दाब असला की ट्रेलर मुकाट्याने मागे येतो. दाब कमी झाला, म्हणजेच वजन ॲक्सलच्या मागे सरकलं, की ट्रेलर लोलकासारखा डोलू लागतो आणि वेग वाढला की डोलणं वाढतच जातं. आमच्या ट्रेलरचं हुकापासून ॲक्सलपर्यंतचं अंतर 3 मीटर. त्यावरचे 1,740 किलो मी 45 सेंटिमीटर मागे सरकवले. 1,740 गुणिले 45, भागिले 300. हुकावरचा 261 किलो भार मी एका हातभरात काढून टाकला होता, आणि एरवी तिथे भार असायचा तो तेवढाच! म्हणजे त्या उतारावर ट्रेलर हुकावर टेकलेला नव्हताच, नुसता अडकलेला होता. वर ब्रेक दाबला की पिकअप मंदावते आणि मागचं वजन तिला ढकलू लागतं, ते वाकड्या दिशेने. म्हणून डोलायला लागल्यावर पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही, एक्सलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंगने हेलकावा मोडायला जायचं नाही, आणि ट्रेलरचे ब्रेक वेगळे हाताने लावता येत असतील तर फक्त तेवढे लावायचे.

तो ट्रेलर आम्ही मोडीत काढला. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायला मन झालं नाही.

आताचा ट्रेलर दोन ॲक्सलचा आहे, प्रत्येक ॲक्सल 1,600 किलोचा, रिकाम्याचं वजन 780. ट्रॅक्टर, साखळ्या, रॅम्पच्या फळ्या धरून पावतीवर 2,580 येतात, म्हणजे 3,200 पर्यंत 620 किलो मोकळे. दोन ॲक्सलचा ट्रेलर जागेवर वळवताना टायर घासतात आणि रिकामा असला तरी एकट्याने हाताने ढकलता येत नाही, हे खरं. पण एक टायर फुटला तर शेजारचा तोल सावरून धरतो. एका ॲक्सलवर टायर फुटला की तो सगळा कोपराच जमिनीला टेकतो. माझ्यापुरता तेवढ्यातच निकाल लागला.

लांबी घेताना ट्रॅक्टर लोडर-रोटाव्हेटरसकट मोजा, आणि ट्रेलर त्याहून निदान दीड फूट लांब घ्या. आमचा सगळा लवाजमा 4.4 मीटर भरतो, ट्रेलरचा पाट, म्हणजे ट्रॅक्टर उभा राहतो तो तळ, 4.9 मीटरचा आहे. ही अर्ध्या मीटरची चैन नव्हे. भार पुढे-मागे सरकवून हुकावर हवा तेवढा दाब आणायचा तर सरकवायला जागा लागते. वजनकाट्यावर दोन-तीनदा ट्रॅक्टर मागे-पुढे करून जागा सापडली, तेव्हा भावजींनी मागच्या चाकांपाशी पाटावर पिवळ्या ऑइलपेंटने रेघ ओढली. रोटाव्हेटरसकट उभा करायची एक रेघ, रोटाव्हेटरशिवायची दुसरी. आता घाईत असले, अंधार असला तरी मी रेघ सोडून उभा करत नाही. रंग पुसट झाला की पुन्हा देतो.

हुकावरचा भार मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. भरलेला ट्रेलर सोडवून पूर्ण काट्यावर घाला, वजन लिहा. मग तोच पिकअपला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर राहतील असा उभा करा, पुन्हा वजन लिहा. दोन्हींतला फरक हुकावर बसला. आमचे 2,580 आणि 2,300, फरक 280. अकरा टक्क्यांच्या आत-बाहेर. मात्र प्रत्येक हुकाच्या आणि गाडीच्या पाटीवर असा भार जास्तीत जास्त किती चालेल तेही लिहिलेलं असतं, आणि तो आकडा आधी वाचायला हवा. काही गाड्यांना एवढा भार चालतच नाही.

आता ओढणाऱ्या गाडीविषयी. पिकअप घेताना विकणाऱ्याने आम्हाला सांगितलं होतं, "ताई, ही डोंगर ओढेल." ओढते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही त्याला एकच प्रश्न विचारला, ओढेल का, आणि विचारायचे होते तीन. उतारावर मागचं वजन थांबवेल का? हुकावरचा भार आणि हौद्यातलं सामान मिळून तिच्या मागच्या ॲक्सलला पेलेल का? आणि गाडी, माणसं, ट्रेलर, ट्रॅक्टर अशा सगळ्या लवाजम्याचं एकूण वजन कंपनीने दिलेल्या मर्यादेत बसतं का?

दुसऱ्या प्रश्नात बहुतेक सगळे फसतात असं मला वाटतं, कारण ओढायची क्षमता आणि वाहायची क्षमता हे दोन वेगळे आकडे आहेत आणि जाहिरातीत पहिलाच मोठ्या अक्षरांत असतो. हुकावरचा भार हा गाडीच्या दृष्टीने अंगावर घेतलेलाच भार. आमची पिकअप 650 किलो वाहते. त्यात हुकावरचे 280, आम्ही दोघं 140, अवजारांची पेटी आणि कॅन 90. झाले 510. वर डिझेलचं एक बॅरल चढवलं की पिकअपची मर्यादा संपली, ट्रेलरवर जागा कितीही मोकळी असो. मागची बाजू बसली की कमानपाटे (चाकांवरचे स्प्रिंगचे वाकवलेले पाटे) सरळ होतात, पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग हातात सैल लागतं आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. यावर सरसकट मिळणारा सल्ला म्हणजे एक पाटा जादा घालून घ्या. जादा पाट्याने गाडी उंच दिसते, बसत नाही, एवढंच. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर, चासी होती तीच राहते. बसलेली मागची बाजू ही गाडीने केलेली तक्रार असते, आणि पाटा घालून आपण ती तक्रार ऐकू येईनाशी करतो.

ब्रेकचं सांगते. ताशी 40 च्या ऐवजी 60 ने जात असाल तर थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. मागे अडीच टन असताना तो सगळा ताप एकट्या पिकअपच्या ब्रेकवर टाकायचा नाही. युरोपात तर एकूण क्षमता 750 किलोच्या वर गेली की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आमच्या जुन्या ट्रेलरला ब्रेक नव्हतेच, आणि आम्हालाही ते विचारायचं सुचलं नव्हतं. ट्रेलरचे ब्रेक मुख्यतः दोन तऱ्हेचे मिळतात. एकात गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. साधं काम, गाडीत वेगळं यंत्र बसवावं लागत नाही, पण लांब उतारावर रेटा सतत राहतो आणि ब्रेक तापतात. दुसरे विजेवर चालणारे, त्यांचा कंट्रोलर चालकापाशी असतो आणि त्यावरच्या खटक्याने नुसत्या ट्रेलरचे ब्रेक लावता येतात. त्या उताराच्या अनुभवानंतर मी दुसरे घ्यायला लावले. ट्रेलर चुकून सुटलाच तर ब्रेक आपोआप लावणारी एक बारीक तार असते. तिची बॅटरी आम्ही दर महिन्याला तपासतो.

काही जण विचारतात, एवढं करण्यापेक्षा छोट्या ट्रकच्या हौद्यातच ट्रॅक्टर का चढवत नाही? ज्याच्या दोन्ही टोकांना मातीचा किंवा दगडी पक्का धक्का आहे आणि ज्याला त्याच दोन जागांमध्ये ये-जा करायची आहे, त्याने खुशाल ट्रक घ्यावा. डोलण्याची भीती नाही, रिव्हर्स घ्यायला सोपं. पण ट्रकचा हौदा जमिनीपासून जवळजवळ मीटरभर उंच. त्यावर 15 अंशांच्या चढाने जायचं तर चार मीटरच्या फळ्या हव्यात. शिवाय वर चढलेला ट्रॅक्टर सगळा भार उंचावर नेतो, वळणावर ते कळतं. मला दर वेळी नव्या बागेत, नव्या बांधावर उतरवायचा असतो. मला 60 सेंटिमीटर उंचीचा ट्रेलरच बरा.

चढवणं-उतरवणं हा आणखी एक विषय, आणि यात एकदा माझ्या काळजाचा ठोका चुकलेला आहे. जुन्या ट्रेलरच्या फळ्या दीड मीटरच्या होत्या. 60 सेंटिमीटर उंचीला दीड मीटर म्हणजे 24 अंशांचा चढ. आता 2.4 मीटरच्या आहेत, चढ साडेचौदा अंशांवर आला. पण ठोका चुकला तो वेगळ्याच कारणाने. ट्रॅक्टरची पुढची चाकं पाटावर चढली होती आणि मागची मोठी चाकं फळ्यांवर आली होती. त्या क्षणी बहुतेक सगळं वजन ट्रेलरच्या मागच्या कडेवर असतं. ट्रेलर ॲक्सलवर तराजूसारखा कलतो, मागचं पारडं खाली, पुढचं हुकासकट वर. हुकाबरोबर पिकअपची मागची बाजूही वर उचलली जाते. आणि हात-ब्रेक असतो मागच्याच चाकांना. ती चाकं जमिनीवरून हलकी झाली की ब्रेक ओढलेला असून नसल्यासारखा. मी फळ्यांवर होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर पिकअप वीतभर पुढे सरकली. फळ्या पाटाच्या कडेवरून निसटायला अजून बोटभर अंतर बाकी होतं.

तेव्हापासून पिकअपच्या पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे आणि ट्रेलरच्या मागच्या कडेखाली दोन टेकू लावल्याशिवाय मी ट्रॅक्टर सुरूच करत नाही. आणि गाडीला न जोडलेल्या ट्रेलरवर तर कधीच चढवत नाही. चढवताना रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) उभा, सीटबेल्ट लावलेला, बकेट जमिनीपासून वीतभर, लो गिअर, आणि चारही चाकांची ताकद चालू. उतरवतानाही चालूच ठेवायची. कारण अशा छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागच्या चाकांनाच असतात. उतारावर पुढे लोडरचं वजन पडून मागची चाकं हलकी झाली तर ती घसरतात. चारही चाकं जोडलेली असली की पुढचीही धरून ठेवतात. ओल्या लाकडी पाटावर तर हे हवंच. वर नेऊन उभा केला की मगच रोलबार दुमडायचा. उभ्या रोलबारसकट ट्रेलरवरचा ट्रॅक्टर तीन मीटरच्या घरात जातो, आणि झाडाच्या फांद्या, लोंबत्या तारा, शेडच्या तुळया कुणासाठी वर होत नाहीत.

बांधण्याविषयी. ट्रॅक्टरची टायर म्हणजे चार मोठ्या स्प्रिंगा. रस्त्यात ट्रॅक्टर त्यांवर खालीवर होत राहतो आणि आवळलेला पट्टा सैल पडतो. म्हणून चार कोपऱ्यांना चार वेगळे बंध, पुढचे पुढे ओढणारे, मागचे मागे ओढणारे. वरून एकच पट्टा टाकून बांधलेला ट्रॅक्टर मी अजूनही रस्त्यावर पाहते आणि त्या चालकाला थांबवावंसं वाटतं. बकेट पाटावर टेकवून वेगळी बांधायची, रोटाव्हेटर खाली टेकवून वेगळा. हायड्रॉलिकवर वर उचलून ठेवलेलं अवजार वाटेत खाली येतं. साखळी कुठे घालायची हे पाहून घालायची, स्टिअरिंगच्या दांड्याला, हायड्रॉलिकच्या पाइपाला किंवा पुढच्या पत्र्याला नाही. आणि पट्टा विकत घेताना त्यावरचा मोठा आकडा तो तुटण्याचा असतो, हे लक्षात घ्या. कामाचा आकडा बारीक अक्षरात असतो, तुटण्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका. सगळ्या बंधांच्या कामाच्या क्षमतेची बेरीज मालाच्या वजनाच्या निदान निम्मी असावी, असा अमेरिकेतल्या मालवाहतुकीचा नियम आहे. मी निम्म्यावर थांबत नाही. आमच्या चार साखळ्यांतली कुठलीही एक एकटीच ट्रॅक्टरचं वजन धरेल अशी आहे. तरीही पाच किलोमीटरवर थांबून प्रत्येक साखळी हाताने हलवून बघते. थांबलेच आहे तर चाकांच्या मध्यावरही हात ठेवते; एक मध्य बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंगचं ग्रीस संपलं किंवा ब्रेक चिकटला.

हुकाच्या गोळ्याचंही बघा. 50 मिलिमीटरचा गोळा आणि पावणेदोन इंचाच्या जरा वरचा, 47.6 मिलिमीटरचा, शेजारी ठेवल्याशिवाय डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. पिकअपच्या लहान गोळ्यावर ट्रेलरची मोठी टोपी बसते, खटकाही लागतो, आणि खड्ड्यात उडून सुटते. माप गोळ्यावर कोरलेलं असतं. हुकाखालच्या दोन सुरक्षा-साखळ्या फुली मारून अडकवा, म्हणजे हुक सुटलाच तर ट्रेलरचं तोंड त्या झोळीत अडकतं. ट्रेलरच्या टायरांची नक्षी झिजण्याआधी रबर तडकतं, कारण ट्रेलर चालण्यापेक्षा उभाच जास्त. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. 2319 म्हणजे 2019 सालातल्या 23 व्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षं झाली की मी बदलते, दात कितीही चांगले दिसोत.

आता माझं म्हणणं. हे सगळं आम्हाला एका उताराने शिकवलं, आणि तो उतार प्रत्येकाला सोडून देईल असं नाही. ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी नुसत्या ट्रॅक्टरच्या वजनाशेजारी लोडर, टायरांतलं पाणी आणि नेहमीचं अवजार धरून होणारं वजन छापावं. एका ओळीचं काम आहे. ट्रॅक्टर बांधायच्या चार जागा रंगाने किंवा खुणेने दाखवून द्याव्यात, म्हणजे कुणी स्टिअरिंगच्या दांड्याला साखळी घालणार नाही. आणि आपल्या पानावर ट्रॅक्टरची तुलना कराल त्या तक्त्यात, जिथे अश्वशक्ती आणि डिझेलचे रकाने आहेत, तिथे या वजनाचा एक रकाना घाला. घेणाऱ्याने ट्रॅक्टरचे पैसे मोजायच्या आधीच ट्रेलर आणि गाडीचा हिशेब मांडलेला असला पाहिजे. आमच्यासारखी सात महिन्यांनी मांडायची वेळ कुणावर येऊ नये.

पुरवणीत जागा मिळणार असेल तर आमच्या वजनकाट्याच्या तिन्ही पावत्या पाठवते: नुसता ट्रॅक्टर, ट्रॅक्टरसकट सुटा ट्रेलर आणि जोडलेला ट्रेलर. पिवळ्या रेघांचा फोटो भावजी काढून देतील.

आपली नम्र,
एक ट्रॅक्टरचालक वाचक